रत्नागिरी जिल्ह्यातील आर्थिक वाढ आणि रोजगार

रत्नागिरी जिल्ह्यातील आर्थिक वाढ व रोजगार यांविषयीची आकडेवारी आणि जिल्ह्याची प्रत्यक्ष आर्थिक स्थिती यांतील अंतर हा कोकणाच्या अर्थकारणातील जुना वादविषय आहे. २०२० व २०२१ या दोन वर्षांत कोविड-१९ची महासाथ, निसर्ग व तौक्ते ही चक्रीवादळे आणि चिपळूणचा महापूर असे आघात जिल्ह्यावर एकापाठोपाठ झाले. त्यानंतर देशपातळीवर वाढीचा दर उंचावला आणि बेरोजगारीचा दर घटला. या आकड्यांवरून रत्नागिरीची अर्थव्यवस्था सावरली असे म्हणता येते का, हे ठरवणे मात्र अवघड आहे. कारण या जिल्ह्यात उत्पादन, उत्पन्न आणि श्रमिक या तीन गोष्टी बहुधा एका ठिकाणी नसतात. वीज येथे तयार होऊन बाहेर जाते, कमावता माणूस मुंबईत असतो व पैसा गावी येतो, तर आंबाबागेत आणि मच्छीमार नौकेवर राबणारा माणूस पुष्कळदा नेपाळमधून आलेला असतो.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर असून त्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके आहेत. जांभ्या दगडाचे सडे, उताराच्या जमिनी आणि लहान धारणक्षेत्रे यांमुळे शेती एका भातपिकावर व थोड्या नाचणी-वरीवर अवलंबून राहिली. १९४९च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत गावोगावी खोतीची पद्धत होती व कुळाच्या हाती फारसे काही उरत नसे. पोटासाठी मुंबईला जाण्याची प्रथा त्यामुळे एकोणिसाव्या शतकातच रुळली. १८८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही तिची नोंद आहे. गोदी, कापडगिरण्या, पोलीस दल आणि घरकाम या क्षेत्रांत रत्नागिरीच्या लोकांचा मोठा भरणा होता. चाकरमान्यांनी पाठवलेल्या पैशावर गावे चालत, म्हणून कोकणच्या अर्थकारणाला ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ हे नाव पडले. मनीऑर्डरची जागा आता बँक व मोबाइलवरील हस्तांतरणाने घेतली असली तरी हे नाव टिकून आहे.

अशा अर्थव्यवस्थेवरचे संकट पुष्कळदा जिल्ह्याबाहेर जन्म घेते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्या वर्षी रत्नागिरीतील शेतीत किंवा मासेमारीत काही विपरीत घडले नव्हते. तरी हजारो घरांचे मासिक उत्पन्न थांबले. जिल्ह्यातील उत्पादनाच्या कोणत्याही तक्त्यात हा फटका दिसला नसता.

स्थलांतराचा सर्वांत ठळक पुरावा जनगणनेत सापडतो. २००१मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११मध्ये ती १६,१५,०६९ झाली. म्हणजे दहा वर्षांत ८१,७०८ माणसे कमी झाली आणि घट ४.८ टक्के भरली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली होती. २०११मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. मुले जन्मतात, शिकतात आणि कमावत्या वयात निघून जातात, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

वाढीचा दर कसा वाचावा

वाढीचा दर हा मागील वर्षाच्या तुलनेत काढला जातो. मागील वर्ष फार खालावलेले असेल, तर साधी भरपाईसुद्धा मोठी झेप दिसते. २०२१–२२च्या पहिल्या तिमाहीत भारताचे स्थूल देशांतर्गत उत्पादन २०.१ टक्क्यांनी वाढल्याचे जाहीर झाले. मात्र त्याआधीच्या वर्षी, टाळेबंदीच्या तिमाहीत, ते २४.४ टक्क्यांनी घसरले होते. रुपयांत पाहिले तर २०१९–२०च्या पहिल्या तिमाहीत ३५.६६ लाख कोटी रुपयांचे असलेले उत्पादन २६.९५ लाख कोटींवर आले आणि मग ३२.३८ लाख कोटींवर गेले. वीस टक्के वाढीनंतरही अर्थव्यवस्था दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा सुमारे ९ टक्के खालीच होती. त्यामुळे सावरण्याचा निकष म्हणून दरापेक्षा पातळी पाहणे अधिक योग्य ठरते. आणि काटेकोर निकष लावायचा तर, आघात झाला नसता तर अर्थव्यवस्था आज जिथे असती त्या पातळीशी तुलना करावी लागते.

जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्र शासनाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय स्थूल जिल्हा उत्पन्नाचे अंदाज तयार करते. त्यांतील काही भाग, उदाहरणार्थ पिके व मासळी, जिल्ह्यातील प्रत्यक्ष उत्पादनावरून काढता येतो. अनेक सेवाक्षेत्रांसाठी मात्र राज्याचा आकडा निरनिराळ्या निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांत वाटला जातो. शिवाय हा अंदाज उत्पन्न जेथे निर्माण होते त्या ठिकाणाचा असतो, ते ज्याच्या हाती पडते त्याच्या ठिकाणाचा नसतो. मुंबईतून येणारा पैसा त्यात धरला जात नाही आणि जिल्ह्याबाहेर जाणारा नफा त्यातून वजा होत नाही.

कोयना प्रकल्पाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. कोयनेचे धरण सातारा जिल्ह्यात आहे, पण पोफळी, अलोरे व कोळकेवाडी परिसरातील मोठी वीजगृहे घाटाखाली चिपळूण तालुक्यात आहेत. जयगड येथे १,२०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प व बंदर आहे. अशा केंद्रांतून होणारे मूल्यवर्धन रत्नागिरीच्या नावे जमा होते, परंतु ती चालवायला लागणारी माणसे काही शेकड्यांत मोजता येतात. एखाद्या वर्षी वीजनिर्मिती वाढली तर जिल्ह्याचे उत्पन्न वाढलेले दिसेल. संगमेश्वरच्या एखाद्या वाडीला त्याचा पत्ताही लागणार नाही.

दरडोई उत्पन्न काढताना भाजक म्हणून लोकसंख्या घ्यावी लागते. २०२१ची जनगणना लांबणीवर पडल्याने २०११नंतरची लोकसंख्या केवळ अंदाजाने धरली जाते. ज्या जिल्ह्याची लोकसंख्या प्रत्यक्ष घटलेली आहे, तेथे हा अंदाज थोडा चुकला तरी दरडोई आकडा बदलतो.

रोजगाराचे आकडे

भारतातील रोजगाराचा मुख्य स्रोत म्हणजे २०१७–१८मध्ये सुरू झालेले नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण. त्यानुसार १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींमधील बेरोजगारीचा दर २०१७–१८मध्ये ६.० टक्के होता, तो २०२३–२४मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. याच काळात श्रमशक्ती सहभागाचा दर ४९.८ वरून ६०.१ टक्क्यांवर, तर स्त्रियांचा सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला. वरवर पाहता ही भरीव सुधारणा आहे.

हा दर ‘नेहमीच्या स्थिती’नुसार काढलेला आहे. या व्याख्येत वर्षभरात एकूण ३० दिवस किंवा त्याहून अधिक काम केलेली व्यक्तीही दुय्यम कामाच्या आधारे रोजगारात धरली जाते. घरच्या शेतीत किंवा दुकानात मोबदल्याविना मदत करणारी व्यक्तीही त्यात येते. ‘चालू साप्ताहिक स्थिती’त मागील सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी एक तास काम केले तरी पुरते; तरीही त्या मापाने २०२३–२४मधील बेरोजगारीचा दर ४.९ टक्के येतो. आंब्याच्या हंगामात दीड महिना बागेत राबलेला आणि उरलेले वर्ष जमेल ते करणारा तरुण पहिल्या मापाने बेरोजगार ठरत नाही.

महासाथीच्या काळात या व्याख्येचा परिणाम स्पष्ट दिसला. २०२०–२१ या आर्थिक वर्षात देशाचे उत्पादन ५.८ टक्क्यांनी घटले. सर्वेक्षणाच्या २०२०–२१ या वर्षात (जुलै ते जून) बेरोजगारीचा दर मात्र ४.८ वरून ४.२ टक्क्यांवर उतरला. याचे स्पष्टीकरण शेतीत मिळते. एकूण रोजगारातील शेतीचा वाटा २०१८–१९मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०–२१मध्ये ४६.५ टक्के झाला आणि २०२३–२४मध्येही ४६.१ टक्के राहिला. मे २०२० पासून मुंबई-ठाण्यातून चाकरमानी मोठ्या संख्येने रत्नागिरीत परतले, शाळांमध्ये विलगीकरणात राहिले आणि पावसाळ्यात घरच्या भातशेतीला लागले. तेवढीच शेती आणि तेवढेच भात, पण राबणारे हात अधिक, अशी ती स्थिती होती. सर्वेक्षणाच्या भाषेत हे सर्व स्वयंरोजगारित होते.

स्वयंरोजगाराचा देशव्यापी वाटा २०१७–१८मधील ५२.२ टक्क्यांवरून २०२३–२४मध्ये ५८.४ टक्क्यांवर गेला. नियमित पगारी कामाचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर उतरला. कमाईचे आकडे अधिक सूचक आहेत. २०२४–२५च्या केंद्रीय आर्थिक पाहणीनुसार, महागाई वजा करून पाहता, स्वयंरोजगारित पुरुषाची मासिक कमाई २०१७–१८मधील ९,४५४ रुपयांवरून २०२३–२४मध्ये ८,५९१ रुपयांवर, तर पगारी पुरुषाची १२,६६५ वरून ११,८५८ रुपयांवर आली. रोजंदारीवरील पुरुषाची दिवसाची मजुरी मात्र २०५ वरून २४२ रुपयांवर गेली. म्हणजे कामावर असणाऱ्यांची संख्या वाढली, तळाच्या मजुरीतही वाढ झाली, पण ज्यांना नोकरदार किंवा स्वतःचा धंदा असलेला म्हणतात त्यांची खरी मिळकत घटली.

रत्नागिरीसाठी बेरोजगारीचा कमी दर आणखी एका कारणाने फसवा ठरतो. नोकरी शोधणारा माणूस मुंबईत किंवा पुण्यात जाऊन शोधतो आणि तेथील आकड्यात मोजला जातो. मागे राहिलेल्यांत वृद्ध, शाळकरी मुले आणि शेती सांभाळणाऱ्या स्त्रिया अधिक. संधी जितक्या कमी तितके स्थलांतर अधिक, आणि स्थलांतर जितके अधिक तितकी गावातील नोंदलेली बेरोजगारी कमी, असा हा उलटा हिशेब आहे. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाच्या नमुना निवडीत जिल्हा हा मूलभूत घटक करण्यात आला. मासिक पत्रकात मात्र जिल्ह्यांचे आकडे दिले जात नाहीत.

भविष्य निर्वाह निधीच्या नव्या खात्यांची संख्याही रोजगारवाढीचा पुरावा म्हणून दिली जाते. आधीपासून काम करणाऱ्या व्यक्तीचे खाते नव्याने उघडले तरी ती या यादीत येते. तिला संरक्षण मिळाले ही चांगलीच गोष्ट, पण त्यातून नवी जागा निर्माण झालेली नसते.

वादळे, महापूर आणि पुनर्बांधणी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड, दापोली व गुहागर तालुक्यांच्या किनारपट्टीवरील नारळ, पोफळी, आंबा व काजू यांच्या बागा आडव्या केल्या. उत्पन्नाच्या हिशेबात यातून केवळ त्या व पुढील वर्षांचे बुडालेले फळ दिसते; झाड ही भांडवली मालमत्ता असूनही तिचा नाश वाढीच्या दरात मोजला जात नाही. हापूसचे कलम किफायतशीर फळ देऊ लागण्यास पाच-सात वर्षे लागतात व पूर्ण भरात येण्यास त्याहून अधिक. नारळाचेही तसेच. त्यामुळे २०२०मध्ये मोडलेल्या बागेच्या मालकासाठी ‘सावरणे’ हा शब्द त्या दशकाच्या उत्तरार्धातच लागू होऊ शकतो, मग राज्याच्या वाढीचा दर मधल्या काळात काहीही असो. मे २०२१मध्ये ऐन आंब्याच्या हंगामात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि झाडावरचे फळ गळाले.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. दुकानांतील माल, यंत्रे, वाहने व घरगुती सामान यांची मोठी हानी झाली. पुढील महिन्यांत गाळ काढणे, दुकाने पुन्हा उभारणे, नवीन वाहने घेणे यांवर झालेला खर्च मात्र उत्पादनात व रोजगारात जमा झाला. पूर्वी जे होते तेच परत मिळवण्यासाठी व्यापाऱ्याने कर्ज काढले, तर आकड्यांत ती वाढ ठरते व त्याच्या वहीत ते देणे ठरते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पद्धतीची ही मर्यादा अर्थशास्त्रात सर्वमान्य आहे. चिपळूणसारख्या शहरात ती उघड्या डोळ्यांनी दिसते, एवढाच फरक.

आंबा, काजू आणि मासळी

१९९०च्या सुमारास महाराष्ट्र शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड कार्यक्रम सुरू केला आणि कोकणातील पडीक वरकस जमिनींवर आंबा व काजूची मोठी लागवड झाली. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) संशोधनाचा त्याला आधार होता. जिल्ह्यात टिकाऊ मालमत्ता निर्माण करणाऱ्या कार्यक्रमांत याची गणना वरच्या क्रमांकाने करावी लागेल. ऑक्टोबर २०१८मध्ये कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

आंब्याचे अर्थकारण मात्र हंगामी व कर्जावर चालणारे आहे. फवारणी, राखण, तोडणी व पेट्यांच्या खर्चासाठी अनेक बागायतदार वाशीच्या बाजारातील दलालांकडून आगाऊ उचल घेतात आणि माल त्यांच्याकडेच पाठवतात. हंगामाच्या प्रारंभी पेटीला मिळालेल्या चढ्या भावाच्या बातम्या होतात, पण बराचसा माल मे महिन्यात उतरत्या भावाने जातो व शेवटचा किलोवर कॅनिंगला. काजूत प्रक्रिया उद्योग वाढला असला तरी कारखाने आफ्रिकेतून आयात केलेली काजू बीही वापरतात. कारखान्याचे उत्पादन वाढले म्हणून स्थानिक बीला भाव मिळेलच असे नाही.

मासेमारीत १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी असते. रत्नागिरीचे मिरकरवाडा व दापोली तालुक्यातील हर्णै ही जिल्ह्यातील प्रमुख बंदरे आहेत. यांत्रिक नौकांवर खलाशी म्हणून आणि आंबाबागांत राखणदार म्हणून नेपाळी कामगार मोठ्या संख्येने येतात. घरोघरी जाऊन माहिती घेणाऱ्या पाहणीत होडीवर किंवा बागेतल्या खोपीत राहणारे असे कामगार येण्याची शक्यता कमी असते. मनीऑर्डरवर जगलेल्या जिल्ह्यातून आता दुसरी मनीऑर्डर नेपाळकडे जाते. ‘काम आहे पण माणूस मिळत नाही’ ही बागायतदारांची तक्रार आणि ‘शिकून काम नाही’ ही तरुणांची तक्रार एकाच गावात ऐकू येतात, आणि दोन्ही खऱ्या आहेत: उपलब्ध काम हंगामी, जोखमीचे व निवृत्तिवेतनाविना आहे, तर हवे असलेले काम वर्षभराचे आहे. देशभरात १५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचा दर २०२३–२४मध्ये १०.२ टक्के, म्हणजे सर्वसाधारण दराच्या तिपटीहून अधिक होता.

मोठे प्रकल्प

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथील वीजप्रकल्प खाडीपलीकडील दाभोळच्या नावाने ओळखला जातो. एन्रॉन कंपनीच्या या प्रकल्पाचा ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९मध्ये सुरू झाला आणि दरांच्या वादातून २००१मध्ये बंद पडला. २००५मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन करून तो पुन्हा उभा करण्यात आला. पुढे वायूच्या टंचाईमुळे निर्मिती पुन्हा थांबली आणि २०१५च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी अंशतः सुरू झाली. बांधकामाच्या वर्षांत वाढलेले हॉटेल, भाड्याच्या गाड्या व मजुरी यांचे उत्पन्न प्रत्येक बंदीनंतर ओसरले. असाच अनुभव मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचा आहे: २०११मध्ये सुरू झालेले हे काम दशकाहून अधिक काळ रखडले; बांधकामाचा खर्च दरवर्षी उत्पादनात धरला गेला, रस्ता मात्र वापरणाऱ्यांच्या वाट्याला तुकड्यातुकड्यांनी आला.

नव्या प्रकल्पांना होणारा विरोध या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. तांब्याचा स्टरलाइट प्रकल्प १९९०च्या दशकाच्या प्रारंभी आंदोलनानंतर रत्नागिरीतून तमिळनाडूतील तुतिकोरिनला गेला. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्पाचे भूसंपादन मार्च २०१९मध्ये रद्द झाले व त्याच तालुक्यातील बारसू येथे एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणाच्या वेळी पुन्हा संघर्ष झाला. समर्थक रोजगाराच्या संख्येवर बोट ठेवतात. विरोधक बागा, मासेमारी व सडे यांवर आज चालणाऱ्या उपजीविकेकडे लक्ष वेधतात. लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांनी खेड-चिपळूण परिसरात हजारोंना काम दिले, त्याचबरोबर सांडपाण्यामुळे दाभोळ खाडीतील मासेमारी घटल्याची तक्रार खाडीकाठचे मच्छीमार अनेक वर्षे करत आले आहेत. कारखान्यातील नोकरी रोजगाराच्या आकड्यात मिळवली जाते. खाडीत जाळे टाकणे सोडलेला माणूस दुसऱ्या कोठल्या कामाला लागला की त्याची वजाबाकी होत नाही.

मतभेद

आकड्यांवर विसंबणाऱ्यांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. रोजंदारीची मजुरी खऱ्या अर्थाने वाढली आहे. १९९८मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेमुळे गावाशी येणे-जाणे सोपे झाले आणि गणपतीपुळे, दापोली, गुहागर येथे पर्यटनावर चालणारी घरगुती निवासव्यवस्था वाढली. स्त्रियांच्या सहभागातील वाढीचा काही भाग पूर्वी न मोजलेले काम आता मोजले जाण्यातून आलेला असला, तरी न मोजण्यापेक्षा मोजणे बरे. भात लावणारी, काजू सोलणारी व मासळीची टोपली घेऊन बाजारात बसणारी रत्नागिरीची स्त्री कधीच बिनकामाची नव्हती.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, जिल्हा सावरला की नाही हे पाहण्यासाठी वेगळ्या खुणा तपासाव्यात: वर्षातून किती महिने काम मिळते, महागाई वजा जाता मिळकत किती उरते, वादळात मोडलेल्या बागांपैकी किती पुन्हा फळावर आल्या, पुरानंतर काढलेली कर्जे फिटली का, आणि विशीतले किती जण गावात राहिले. यांपैकी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जनगणनेतून मिळू शकेल. तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवण्यात आला आहे. गणपती व शिमग्याच्या सणांत रत्नागिरीची गावे माणसांनी भरून जातात. मार्चमध्ये शिमगाही असतो, त्यामुळे गावात उपस्थित असलेला आणि गावात राहणारा यांतील भेद प्रगणकांना येथे इतर जिल्ह्यांपेक्षा अधिक काळजीने पाळावा लागेल.